इकोचे सर पाहिजेत

पुण्यातल्या बारावी कॉमर्सच्या पालकांना विषयांची उतरंड तोंडपाठ असते. सगळ्यात वर बीके, म्हणजे बुक-कीपिंग. कारण ताळेबंद जुळला नाही की मार्क गेले, हे कोणालाही कळतं. त्याखाली गणित. ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) आणि एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) हे दोन विषय परीक्षेच्या आदल्या रात्री वाचण्यासाठीच बोर्डाने ठेवले आहेत, यावर सर्वांचं एकमत आहे. राहिलं अर्थशास्त्र, म्हणजे पोरांच्या भाषेत 'इको'. ते कुठे बसतं याचा निकाल अजून लागायचाय. थोरल्याला पंच्याऐंशी पडले की इको सोपा असतो, आणि धाकटीला बावन्न पडले की तोच विषय एका रात्रीत 'कन्सेप्च्युअल' होतो.

आमच्या ताईच्या मुलीला अकरावीत बावन्न पडले. ताईने पहिला फोन मला केला. "तू बँकेत आहेस ना? मग इकोचे चांगले सर तूच शोध."

बँकेतल्या माणसाला अर्थशास्त्र येतं, ही समजूत कोणी पसरवली कोण जाणे. माझी नोकरी केवायसीचे फॉर्म, सही जुळत नाही म्हणून परत गेलेले चेक आणि पासबुक छापणाऱ्या मशिनची मनधरणी यांत गेली. रेपो दर वाढला की मलाही बातमी टीव्हीवरूनच कळते. पण भाचीच्या कामाला मामाने नाही म्हणायची आपल्याकडे सोय नाही.

तसं पाहिलं तर हे शहर या विषयाचं माहेर. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली भारतीय अर्थशास्त्रावरचं आपलं व्याख्यान इथल्याच डेक्कन कॉलेजात दिलं. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून इथे आहे. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला तो इथूनच. एवढी पुण्याई गाठीशी असलेल्या गावात मागणीचा वक्र समजावून सांगणारं एक माणूस मिळू नये?

मिळतात. फार मिळतात. बारावीच्या पुस्तकात 'बाजाराचे प्रकार' म्हणून एक प्रकरण आहे. त्यात क्लासवाल्यांचे फोन नंबर तेवढे छापायचे राहिलेत, बाकी सगळी माहिती आहे.

पहिला प्रकार मक्तेदारी. टिळक रस्त्याच्या एका आतल्या बोळात असे एक सर आहेत. पाटी नाही, जाहिरात नाही, कारण गरज नाही. सर स्वतः भेटत नाहीत. त्यांच्या वतीने एक काका रजिस्टर घेऊन बसतात.

"बारावीची बॅच?" मी विचारलं.

"ती गेल्या जूनमध्ये भरली."

"मग वेटिंगला नाव घालता का?"

"वेटिंग दिवाळीत भरलं." काकांनी चष्म्यावरून भाचीकडे पाहिलं. "दहावीत असताना यायचं होतं."

मक्तेदाराला किंमत तरी ठरवता येते नाहीतर पुरवठा तरी, दोन्ही एकदम ठरवता येत नाहीत, असं पुस्तक म्हणतं. काकांनी दोन्ही ठरवलं होतं. शिवाय चपला कुठे काढायच्या तेही.

दुसरा प्रकार अल्पाधिकार. मोजकेच विक्रेते, आणि प्रत्येकाचा डोळा दुसऱ्यावर. चौकाचौकात होर्डिंग लावणारे मोठे क्लास ते हे. एकाने एसी बसवला की दुसरा बसवतो, एकाने ॲप काढलं की दुसरा काढतो, फी मात्र कोणीच पहिल्यांदा कमी करत नाही. इथे सरांच्या आधी 'अकॅडमिक काउन्सेलर' भेटते. तिच्या हातात टॅब असतो आणि ती कमालीची गोड बोलते. "बेटा, पुढे काय व्हायचंय?" भाची म्हणाली, "अजून ठरवलं नाही." तिने 'सीए' या चौकोनात टिक केली आणि आम्हाला पाच वर्षांचं पॅकेज दाखवायला सुरुवात केली. पॅकेजच्या तळाशी बारीक अक्षरात 'अधिक १८ टक्के जीएसटी' असं होतं. इको शिकायला आलेल्या मुलीला अप्रत्यक्ष कराचा पहिला धडा तिथेच, विनामूल्य मिळाला.

तिसरा प्रकार मक्तेदारीयुक्त स्पर्धा, आणि त्याचं मुख्यालय कोथरूड. बिल्डिंगच्या तळमजल्यावर, एका बाजूला ब्युटी पार्लर आणि दुसऱ्या बाजूला पोळीभाजी केंद्र, मध्ये क्लास. माल सगळ्यांकडे तोच, म्हणजे बालभारतीचं पुस्तक. ते तर पीडीएफ रूपात फुकटच मिळतं. मग वेगळेपण कशात? पुस्तकी भाषेत याला वस्तुभेद म्हणतात. एकाच्या नोट्स गुलाबी कागदावर, दुसऱ्याच्या स्पायरल बाइंडिंगमध्ये. एकाकडे दर रविवारी टेस्ट, दुसऱ्याकडे दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी पालकांच्या मोबाइलवर मेसेज. 'पर्सनल अटेन्शन' मात्र झाडून सगळीकडे. एका ठिकाणी बाकावर पाचवी मुलगी बसवण्यासाठी सरांनी चौथीला वैयक्तिकरीत्या सरकायला सांगितलं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

आणि शेवटचा प्रकार, जो प्रत्यक्षात सापडत नाही असं सगळी पुस्तकं सांगतात, ती पूर्ण स्पर्धा. ती सदाशिव पेठेत सापडते. एमपीएससी करणारी शेकडो मुलं, अभ्यासिकेचं भाडं निघावं म्हणून शिकवण्या घेणारी. विजेच्या खांबावर चिकटवलेला कागद, खाली झालरीसारखे कापलेले फोन नंबर. त्यातला एक नंबर फाडून आम्ही बीडकडच्या एका मुलाला भेटलो. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या त्याने भाचीला महसुली तूट आणि राजकोषीय तूट यांतला फरक इतका स्वच्छ सांगितला की चहावालाही ऐकायला थांबला. मी म्हटलं, "फी किती घ्याल?" तो म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा." अशा विक्रेत्याला पुस्तकात 'किंमत स्वीकारणारा' म्हणतात. मला वाटलं, संपला शोध. तेवढ्यात तो म्हणाला, "फक्त पूर्वपरीक्षेची तारीख लागली की मी येणार नाही. आणि पास झालो तर नंतरही नाही." मुलाच्या यशाला शुभेच्छा द्याव्यात तर भाचीचं इको बुडणार. आम्ही मनापासून शुभेच्छा दिल्या आणि पुढे निघालो.

इतके प्रकार बघूनही मूळ प्रश्न तसाच राहतो: यातले चांगले सर कोणते, हे आधी ओळखायचं कसं? या कोड्यावर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली तेरा पानांचा एक लेख लिहिला. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला, यात काय मोठंसं, असंही त्याला ऐकावं लागलं. चौथ्याने छापला, आणि २००१ साली त्याच लेखासाठी त्याला नोबेल मिळालं. (सासरच्यांनी नाकारलेल्या सगळ्या सुनांनी हा दाखला लक्षात ठेवावा.) लेख जुन्या मोटारींच्या बाजारावर आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा मधलाच भाव देऊ करतो. मधल्या भावात उत्तम गाडीचा मालक गाडी विकायला काढत नाही. राहतात त्या रद्दी गाड्या.

पुणेकराला हे समजायला मोटार लागत नाही, आंब्याची पेटी पुरते. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेटीतल्या गवताखाली मानांकन पोचत नाही. वरच्या थरातला आंबा नेहमीच देवगडचा असतो. प्रश्न खालच्या थराचा असतो. क्लासच्या होर्डिंगवरचे टॉपर हा पेटीचा वरचा थर. शिवाय आंबा चार दिवसांत कापून कळतो. सर कळायला मे महिन्यातला बोर्डाचा निकाल उजाडावा लागतो, आणि तेव्हाही मार्क सरांमुळे पडले की सर असूनही पडले, हे कळत नाहीच.

मग घेणारे खुणा शोधतात. अकरलॉफसोबत ज्यांना नोबेल मिळालं त्यांतल्या मायकेल स्पेन्सचं यावरच काम आहे: पदवी ही ज्ञानाची खात्री असो वा नसो, बाजारात ती खूण म्हणून चालते. व्हिजिटिंग कार्डावर एम.कॉम., एम.फिल., बी.एड., नेट, सेट अशी आगगाडी असते ती त्यासाठी. त्याहून मोठी खूण म्हणजे टॉपरचा फोटो. कर्वे रस्त्यावर आम्हाला एकच मुलगी दोन होर्डिंगांवर दिसली. दोन वेगवेगळे क्लास, दोन्हीकडे अर्थशास्त्रात अठ्ठ्याण्णव, दोन्हीकडे तोच निळा ड्रेस. भाचीने शोध लावला की ही मुलगी तिच्या मैत्रिणीची चुलत बहीण. एका क्लासला तिने फक्त टेस्ट सिरीज लावली होती आणि दुसऱ्याला तिचा भाऊ जायचा.

मात्र खुणा वाचणाऱ्यांनीच चष्मा उलटा घातला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याकडे फार जुनं आहे आणि ते हसण्यावारी नेण्यातलं नाही. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला एक तरुण १९१७ नंतर मुंबईत खासगी शिकवण्या घेत होता, हिशेबाची कामं करत होता. त्याने गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसायही काढला. ग्राहकांना त्याची जात कळली आणि तो बंद पडला. १९१८ साली डॉ. आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुरुवातीला मुलांनी त्यांना मनावर घेतलं नाही. पुढे त्यांचं शिकवणं ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतली मुलं येऊन बसू लागली. सहकारी प्राध्यापकांनी मात्र त्यांच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर हरकत घेतली. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनहून निघाला. म्हणजे अर्थशास्त्राचा सगळ्यात चांगला शिक्षक एकेकाळी मुंबईत शिकवण्या शोधत हिंडत होता, आणि गिऱ्हाइकं भलतीच खूण बघत होती.

खुणांवर विसंबायचं नाही तर उरतो उपाय एकच: डेमो लेक्चर. डेमो हे क्लासचं सर्वांत चांगलं लेक्चर असतं, कारण ते प्रत्येक आठवड्यात होतं. विषयही ठरलेला, मागणीचा नियम. विनोदही ठरलेले; सरांनी समोशाचं उदाहरण काढायच्या आधीच मागच्या बाकावरचा जुना विद्यार्थी हसतो. पहिला समोसा अमृत, दुसरा छान, तिसरा बरा, चौथा नको: झाला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम. या एका नियमाने महाराष्ट्रात जेवढे समोसे खपवले तेवढे कुठल्याही हलवायाने खपवले नसतील.

एका डेमोत सरांनी फळ्यावर वक्र काढला. उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर मागणी. भाचीने हात वर केला. "सर, किंमत बदलली की मागणी बदलते ना? मग गणितात जे आधी बदलतं ते आपण आडव्या अक्षावर घेतो. इथे उलटं का?"

सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बाळा, हे बोर्डाला विचारत नाहीत."

बाकीच्या मुलांनी वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं: 'विचारत नाहीत.'

आता फीविषयी. कोणत्याही व्यवहारात आधी माल, मग भाव. इथे आधी पत्ता. "कुठे राहता?" हा प्रश्न "कोणतं कॉलेज?" याच्या आधी येतो. आम्ही बिबवेवाडी म्हटलं की एक आकडा, आणि भावोजींच्या नव्या फ्लॅटचं नाव निघालं, प्रभात रोड, की दुसरा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे वेगळा भाव लावायचा, याला मूल्यभेद म्हणतात. पिगू नावाच्या केंब्रिजच्या प्राध्यापकाने १९२० साली त्याच्या तीन पातळ्या सांगितल्या. पहिली पातळी व्यवहारात अवघड, कारण प्रत्येकाच्या खिशात किती आहे हे विक्रेत्याला कळायला हवं, असं पुस्तकं म्हणतात. ज्याने हे लिहिलं त्याला पुण्यातले क्लासवाले भेटले नसावेत. ते पालकांच्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडे एकदा पाहतात, बस्स.

पण भाव जास्त म्हणून पालक मागे फिरतो असं समजू नका. मागणीच्या नियमाचे अपवाद पुस्तकात दिलेत, त्यात 'प्रतिष्ठेच्या वस्तू' हा एक आहे. हिऱ्याची किंमत वाढली तर त्याची हौस वाढते. ताईचा तोच न्याय. मी एका सरांची फी सांगितली तर ती म्हणाली, "एवढीच? मग त्यांच्याकडे येतं कोण?" दुसऱ्याची तिप्पट सांगितली तर म्हणाली, "बघ, काहीतरी असल्याशिवाय घेतात का?" भावोजी मध्येच म्हणाले, "अगं, आपल्या खिशातून जाणार आहेत." त्यावर ताईने त्यांना त्या वर्षीच्या गाडीच्या विम्याचा हप्ता ऐकवला.

बरं, फी वर्षाची आणि आगाऊ. जूनमध्ये पैसे भरायचे, शिकवलेलं कळतंय का ते दिवाळीत बघायचं, आणि परतावा मागितला तर रिफंड पॉलिसी वाचायची, जिचं सार 'नाही' एवढंच असतं. यावर या विषयाच्या आद्य पुरुषाचं मत अगदी स्पष्ट होतं. ॲडम स्मिथ ऑक्सफर्डला शिकला आणि तिथल्या मास्तरांनी शिकवण्याचं सोंगसुद्धा सोडून दिलंय, असं त्याने पुढे ग्रंथात लिहून ठेवलं. कारण साधं: पगार ठरलेला, शिकवा नाहीतर बसा. पुढे तो स्वतः ग्लासगोला प्राध्यापक झाला, तिथे मुलं फी थेट मास्तरांच्या हातात द्यायची. सत्राच्या मध्येच त्याने नोकरी सोडली तेव्हा तो मुलांना फी परत करू लागला, मुलं घेईनात, तर त्याने बळेच खिशात कोंबली, अशी गोष्ट सांगतात. रिफंड पॉलिसी असावी तर अशी.

आणि नोकरी सोडून तो कुठे गेला? खासगी शिकवणीला. १७६४ साली बक्लू नावाच्या तरुण ड्यूकला घेऊन तो फ्रान्सला गेला. वर्षाला तीनशे पौंड, शिवाय तेवढंच निवृत्तिवेतन तहहयात. तुलूज गावात वेळ जाईना म्हणून त्याने एक पुस्तक लिहायला घेतलं. ते १७७६ साली छापून आलं आणि त्यातून हे सगळं शास्त्र निघालं. तेव्हा इकोच्या शिकवणीला कोणी नाक मुरडलं तर त्याला निक्षून सांगावं की या विषयाचा जन्मच शिकवणीच्या कंटाळ्यातून झाला आहे. अनेक मुलांना तो कंटाळा अजूनही मूळ स्वरूपात अनुभवायला मिळतो.

मार्कांचंही असंच. जॉन मेनार्ड केन्सने १९०६ साली सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा दिली. एकूणात दुसरा आला, पण अर्थशास्त्रात त्याला फार कमी मार्क पडले. परीक्षकांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, हे त्याने दिलेलं कारण होतं. हे मी भाचीला धीर देण्यासाठी सांगितलं. तिने ते आईला सांगितलं. त्यानंतर ताईने मला धीर द्यायला मनाई केली.

अखेर सर सापडले नाहीत, बाई सापडल्या. आणि त्या कशा सापडल्या ते नीट सांगतो, कारण उपयोगाचं तेवढंच आहे. ज्यांची मुलं बारावीत आहेत अशा कोणालाही आम्ही विचारलं की उत्तर यायचं, "अहो, ती आपली आपणच करते." ज्यांची पुढच्या वर्षी येणार, ते म्हणायचे, "आम्हीच शोधतोय." मग माझ्या शाखेतून निवृत्त झालेले एक साहेब भेटले. त्यांचं शेंडेफळ कॉमर्स करून नोकरीला लागलेलं. त्यांनी एका वाक्यात नाव, पत्ता, फी आणि बाईंना दुपारी दोन ते चार फोन करू नये ही सूचना, सगळं देऊन टाकलं. ज्याचं शेवटचं मूल पास झालंय त्या पालकाकडे खरी माहिती असते, कारण त्याला आता कोणाशी स्पर्धा करायची नसते.

बाई नारायण पेठेत राहतात, एका कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त. त्यांनी माझा पत्ता विचारला नाही. मला बसा म्हणाल्या आणि भाचीकडे वळल्या. "बावन्न का पडले?"

"'फरक स्पष्ट करा'मध्ये गेले."

"लिहिता आले नाहीत की कळले नव्हते?"

भाची गप्प. हा प्रश्न तिला आतापर्यंत कोणी विचारलाच नव्हता. मग तिने धीर करून अक्षाचा प्रश्न विचारला. बाई हसल्या. "मार्शल नावाच्या अर्थतज्ज्ञाने तशी आकृती काढली आणि सगळ्यांनी गिरवली. त्याच्या मनात प्रश्न उलटा होता: बाजारात इतका माल आला तर भाव काय मिळेल? मंडईतला भाजीवाला पहाटे हाच विचार करतो. तू गिऱ्हाइकाच्या बाजूने बघतेस, म्हणून तुला उलटं वाटतं. शंका बरोबर आहे तुझी. पेपरात मात्र किंमत उभ्याच अक्षावर घे."

निर्देशांकाचं प्रकरण आलं तेव्हा बाईंनी सांगितलं, घरातलं वाण्याचं जुनं बिल घेऊन ये. ताईच्या सासूबाई किराण्याची यादी भावासकट डायरीत लिहितात, २०१५ पासूनच्या सगळ्या डायऱ्या माळ्यावर. भाचीने त्या खाली काढल्या. लासपेअर नावाच्या जर्मन गृहस्थाने १८७१ साली सांगितलं की भाववाढ मोजताना आधीच्या वर्षी जेवढा माल घेत होता तेवढाच धरा. पाश्चेने १८७४ साली सांगितलं की आत्ता घेता तेवढा धरा. पाठ करायला गेलं तर ही दोन सूत्रं जन्मभर एकमेकांच्या जागा बदलत राहतात. पण डायरीत दिसत होतं: २०१५ साली महिन्याला साखर पाच किलो. मग भावोजींना मधुमेह निघाला, साखर दोन किलोवर आली. लासपेअरच्या हिशेबात भावोजी अजून पाच किलो साखर खातायत, पाश्चेने त्यांचं पथ्य मान्य केलंय. भाची दोन्ही सूत्रं आता झोपेत सांगते. माझा महागाई भत्ता दर तिमाहीला याच जातीच्या आकड्यावर ठरतो, हेही तिने मला समजावून सांगितलं. पाठोपाठ तिने स्वतःच्या पॉकेटमनीला भत्ता जोडण्याची लेखी मागणी केली, आधारवर्षासह. भावोजींनी ती अभ्यासासाठी समितीकडे पाठवली आहे. समिती म्हणजे ताई.

फी महिन्याची, आणि महिना संपल्यावर. "कळलं नाही तर मधे सोडून द्या," असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. स्मिथला हे पसंत पडलं असतं. ताईला पडलं नाही. "आगाऊ घेत नाहीत म्हणजे मुलं मिळत नसतील," तिचं अनुमान. गेल्यावर कळलं की मुलं आहेत, सहाच आहेत, आणि सातवं बाई घेत नाहीत, कारण जेवणाच्या टेबलाला खुर्च्या सहाच आहेत.

डिसेंबरात बाईंनी जाहीर केलं, "आता येऊ नकोस. घरी घड्याळ लावून तीन तासांत ऐंशी मार्कांचा पेपर लिही. अडलं तर फोन कर." ताईच्या पायाखालची जमीन सरकली. ऐन परीक्षेच्या तोंडावर क्लास बंद? बाकीच्यांच्या तर 'क्रॅश कोर्स' नावाच्या नव्या फिया आत्ताच सुरू होतात.

"आई, गेल्या दोन तासांत मला नवीन काहीच मिळालं नाही," भाचीने समजावलं. "सीमांत उपयोगिता शून्य झाली."

"परीक्षेच्या आधी शून्य म्हणू नकोस तोंडाने," ताई म्हणाली, आणि तिने गुपचूप एका रिव्हिजन बॅचची चौकशी करून ठेवली.

फेब्रुवारीत पेपर झाला. भाची घरी येऊन जेवली आणि झोपली. पेपर कसा होता ते सांगितलं नाही, म्हणजे बरा गेला असावा. सोसायटीतल्या बायका मात्र त्याआधीपासूनच ताईला विचारू लागल्या होत्या, इकोला कोण आहे हो तुमच्याकडे? ताई त्यांना सांगते, "अहो, कोण कसलं, ती आपली आपणच करते." मी एकदा ऐकलं आणि म्हटलं, ताई, दे की नंबर, त्यांच्याही मुलांचं भलं होईल. ताई म्हणाली, तिची ना कुठे आहे? फक्त मे महिन्यातला निकाल लागू दे. मार्क कमी पडले तर ती त्याच दिवशी बाईंचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार आहे. चांगले पडले तर मग बघावं लागेल. धाकटा अजून नववीत आहे.